लढाऊ विमानांच्या प्रतिकृती : कोणते विमान, कोणत्या काळातले?

सागरीकरडा (मूळ लेख)

मुंबईत प्लास्टिकच्या किटमधून लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडणारे आणि रंगवणारे बरेच जण आहेत. आपसातली चर्चा मात्र बहुतेक वेळा कोणते किट कुठे मिळते आणि कोणता एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) घ्यावा यापुढे जात नाही. हा धागा त्याच्या आधीच्या प्रश्नासाठी काढत आहे. आपण नेमके कोणते विमान करणार आहोत, हे डबा उघडण्यापूर्वी किती बारकाईने ठरवायचे? माझ्या मते 'नॅट करायचे आहे' किंवा 'मिग-२१ करायचे आहे' एवढे ठरवून भागत नाही. अमुक क्रमांकाचे एक विमान आणि त्याच्या सेवेतला एक ठरावीक काळ निवडावा लागतो, आणि त्या विमानाचे निदान एक तरी छायाचित्र समोर ठेवावे लागते. असे केले नाही, तर हात कितीही सफाईदार असला तरी तयार होणारे विमान कधीच उडालेले नसते.

नॅटचेच उदाहरण घेऊ. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बोयराच्या आकाशात २२ स्क्वाड्रनच्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंज दिली. १४ डिसेंबरला श्रीनगरवर १८ स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. साहजिकच आपल्याकडे पुष्कळांना नॅट करावेसे वाटते आणि ते एअरफिक्सचे १/७२ प्रमाणातले, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढे, सहज मिळणारे किट घेतात. पण त्या डब्यात रेड अ‍ॅरोज या कवायती चमूने वापरलेले दोन आसनी प्रशिक्षण विमान असते. भारताने लढवलेला नॅट एक आसनी होता. त्याचे पंख साधारण ६.७ मीटरचे, तर प्रशिक्षण विमानाचे ७.३ मीटरचे, धडाची लांबीही जवळजवळ एक मीटरने कमी. मागची खुर्ची काढून आणि वर तिरंगी चक्र लावून हा फरक भरून निघत नाही. एक आसनी नॅट आणि त्यावरून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने विकसित केलेले 'अजित' ही दोन्ही विमाने चेक कंपनी स्पेशल हॉबीने १/७२ मध्ये काढली आहेत. त्यांचे भाग एअरफिक्सइतके सहज बसत नाहीत, पण आकार योग्य आहे.

मिग-२१ च्या बाबतीत हाच प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत होते, आणि एवढ्या वर्षांत त्याचे कितीतरी अवतार झाले. १९७१ मधला त्याचा 'एफएल' हा प्रकार करायचा असेल, तर पाठीवरचा उंचवटा अरुंद हवा, आत तोफ नको, आणि नाकापुढची, वेग मोजण्यासाठी लागणारी पिटो नळी हवा घेण्याच्या तोंडाच्या वर मधोमध हवी. नंतरच्या विमानांत ती नळी उजवीकडे सरकली आणि पाठ फुगीर झाली. रंगाची कथा वेगळीच आहे. सुरुवातीची एफएल विमाने उघड्या धातूच्या रंगात होती, तर १९७१ च्या युद्धाच्या सुमारास अनेक विमानांवर कॅमोफ्लाज चढले आणि त्याचे नमुने एकसारखे नव्हते. म्हणजे एकाच क्रमांकाचे विमान काही महिन्यांच्या अंतराने पूर्णपणे वेगळे दिसू शकते. उघड्या धातूसाठी चकचकीत काळ्या थरावर धातूरंग द्यावा लागतो आणि त्याखाली पॉलिश पेपरचा एकही ओरखडा चालत नाही. कॅमोफ्लाजला तेवढी कडक पूर्वतयारी लागत नाही. त्यामुळे कोणता काळ करायचा, हे पहिला सांधा चिकटवण्याआधीच ठरलेले असावे लागते.

मी सध्या 'विक्रांत'वरच्या सी हॉकवर काम करत आहे, म्हणून शेवटचे उदाहरण त्याचे. नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनच्या, म्हणजे 'व्हाइट टायगर्स'च्या या विमानांनी ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बझारवर हल्ला केला. नौदलाकडे ब्रिटिश बनावटीच्या मूळ प्रकारातली सी हॉक होती, तशी जर्मन नौदलाने वापरून निवृत्त केलेलीही होती. जर्मनांसाठी बनवलेल्या विमानांचे शेपटीचे उभे पाते जास्त उंच होते. किटमध्ये सहसा ब्रिटिश एफजीए ६ या प्रकाराचे बुटके पाते येते. निवडलेला क्रमांक जर्मनीहून आलेल्या विमानाचा असेल, तर प्लास्टिकची पट्टी चिकटवून पाते वाढवावे लागेल. ब्रिटिश विमानाचा असेल, तर हात लावायचा नाही. हा निर्णय छायाचित्राशिवाय घेताच येत नाही.

आपण निवड कशी करता, संदर्भ कुठून मिळवता, आणि मुंबईच्या हवेत रंगकाम कसे सांभाळता, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती.

विलेपार्लेकर

लेख आवडला, पण त्यातल्या आग्रहाशी मी पूर्णपणे सहमत नाही. आधी संदर्भ आणि मग किट, हा क्रम कडकपणे पाळणाऱ्या अनेकांची कपाटे न उघडलेल्या डब्यांनी भरलेली मी पाहिली आहेत. एका छायाचित्रासाठी वर्षभर थांबायचे आणि तोवर हातात पत्तीच धरायची नाही, यात छंद राहत नाही. जोडकाम ही हाताची विद्या आहे आणि ती वाचून येत नाही. डब्यात जे आहे ते सूचनापत्रकाप्रमाणे नीट जोडून, सांधे बुजवून, रंगवून पूर्ण करणाऱ्याला चुकीचे विमान केले म्हणणे मला योग्य वाटत नाही.

संदर्भांबद्दल एक सुचवतो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मरुत उभे आहे. कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरात रचलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरापासून ते लोकलच्या अंतरावर आहे. गोव्याला जाणे झाले, तर वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही तिन्ही विमाने एकाच आवारात पाहता येतात.

सागरीकरडा

आपले म्हणणे नवशिक्यांच्या बाबतीत मला पूर्णपणे मान्य आहे. माझा आग्रह आहे तो विशिष्ट भारतीय विमान करण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी.

संग्रहालयांबद्दल मात्र एक सावधगिरी सांगावीशी वाटते. उघड्यावर ठेवलेल्या विमानांना ऊन-पावसापासून वाचवण्यासाठी पुनःपुन्हा रंग दिला जातो आणि तो देताना मूळ छटा, चिन्हांचा आकार, लहान अक्षरातल्या सूचना यांची काटेकोर नक्कल होतेच असे नाही. म्हणून तिथे रंग पाहायला जाऊ नये, आकार पाहायला जावे. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, झाकणांच्या बिजागऱ्या, हवा घेण्याच्या तोंडाची कड, रिव्हेटच्या रांगा, इंजिनाच्या नळकांड्याची आतली बाजू, हे सगळे रंग बदलला तरी बदलत नाही आणि छापील छायाचित्रांत सहसा सापडत नाही. मरुतच्या मागच्या बाजूला दोन ऑर्फियस इंजिनांची तोंडे शेजारीशेजारी कशी बसवली आहेत आणि त्यांच्यामधला भाग कसा निमुळता होतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. मोठ्या कंपन्यांनी मरुतकडे पाठ फिरवली असल्याने ज्यांना ते लहान निर्मात्यांच्या किटमधून करायचे आहे, त्यांनी मोबाइलवर भरपूर छायाचित्रे काढून ठेवावीत.

गिरगावचाळ

मी एका खोलीच्या घरात राहते. एअरब्रशला हवा पुरवणारा कंप्रेसर ठेवायला जागा नाही, आणि लॅकर थिनरचा वास शेजाऱ्यांच्या घरात जाईल म्हणून मी सगळे ब्रशने रंगवते. ब्रशने रंगवलेले विमान दुय्यम दर्जाचे असते, असा एक समज आहे. तो मला पटत नाही, म्हणून माझी पद्धत सांगते.

पाण्यावर चालणारा अ‍ॅक्रिलिक रंग बाटलीतून थेट लावत नाही. ओल्या पॅलेटवर घेऊन दुधाइतका पातळ करते आणि सुकणे थोडे लांबवणारे द्रावण त्यात थेंबभर घालते. चपटा, मऊ केसांचा ब्रश घेऊन पहिला थर पंखाच्या लांबीच्या दिशेने लावते. तो थर पाहून कोणालाही निराशा येईल, कारण खालचे प्लास्टिक सगळीकडून दिसत असते. तो पूर्ण सुकू देते आणि दुसरा थर आडव्या दिशेने देते. तीन-चार थरांनंतर रंग एकसारखा दिसतो आणि पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) कोरलेल्या रेषाही बुजत नाहीत. ओलसर रंगावर परत ब्रश फिरवायचा नाही, हा एकच नियम कडकपणे पाळावा लागतो. तो मोडला, की खालचा थर सोलल्यासारखा वर येतो. पावसाळ्यात दोन थरांमधले अंतर मी बरेच वाढवते.

माझा एक प्रश्न आहे. गडद करड्या रंगावर केशरी-पांढऱ्या-हिरव्या चक्राचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चिन्ह) लावले, की केशरी कडे मळकट विटकरी दिसू लागते. यावर काय करावे?

सागरीकरडा

तो दोष तुमच्या रंगाचा नसून डिकलच्या छपाईचा आहे. केशरी शाई मुळात पारदर्शक असते. तिच्याखाली पांढऱ्या शाईचा थर नसेल किंवा पातळ असेल, तर खालचा करडा रंग वर दिसतो. मधला हिरवा गोल गडद असल्याने त्यात हे जाणवत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, त्याच मापाचा कोऱ्या पांढऱ्या डिकलचा गोल आधी लावून, तो सुकल्यावर त्यावर चक्र बसवावे. दोन थरांची जाडी होते, पण ग्लॉस वॉर्निशचा एक हात देऊन, सुकल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवला, की कड जाणवत नाही. दुसरा उपाय मला अधिक आवडतो : चक्र रंगवूनच काढावे. गोल कापण्याच्या कटरने मास्किंग टेपमध्ये समकेंद्री गोल कापायचे, आधी पूर्ण गोल पांढरा रंगवायचा, मग पांढरे राहायचे तेवढे कडे आणि मधला गोल झाकून बाहेर केशरी, आणि शेवटी मध्यभागी हिरवा. पांढऱ्यावर बसलेला केशरी रंग इतका स्वच्छ उठतो, की नंतर छापील चक्र नकोसे वाटते. कटरची टोचणी मध्यभागी जे छिद्र पाडते, ते टेपच्या तुकड्यावरच पडेल आणि पंखावर पडणार नाही, हे पाहावे. भारतीय विमानांवर सगळ्या काळांत हेच चक्र नव्हते, हेही ध्यानात असू द्यावे. स्वातंत्र्यानंतर काही काळ निळे अशोकचक्र होते, आणि त्याआधी दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियाच्या आघाडीवर जपानी चिन्हाशी घोटाळा होऊ नये म्हणून लाल रंग काढून टाकलेली निळ्या छटांची चिन्हे होती.

दर्यावर्दी

नौदलाच्या विमानांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली. हल्ली पाहायला मिळणाऱ्या नौदल विमानांच्या प्रतिकृतींवर तपकिरी गंजाचे ओघळ काढलेले असतात, त्याबद्दल लिहितो. विमानाचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. झालाच तर पांढरट भुकटीसारखा क्षय होतो. शिवाय जहाजावर खाऱ्या हवेची धास्ती इतकी असते, की गोड्या पाण्याने धुणे, तेलाचा हात फिरवणे आणि उघडे पडलेले ठिकाण रंगाने झाकणे ही कामे सतत चालतात. त्यामुळे जहाजावरचे विमान गंजलेले दिसत नाही, ते ठिगळ लावलेले दिसते : जुन्या, उन्हाने विटलेल्या करड्या रंगावर नव्या रंगाचे लहान-लहान गडद तुकडे.

मळ कुठे असतो, तेही सांगतो. चाकांच्या खोबणीच्या आसपास ब्रेकची धूळ आणि हायड्रॉलिक तेलाचे डाग, वैमानिक चढतो त्या बाजूला बुटांनी घासलेला रंग, पंख दुमडण्याच्या सांध्याजवळ ग्रीस. सी हॉकचे एकच नेने इंजिन असले, तरी त्याचा झोत दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. काजळी तिथल्या पत्र्यावर आणि त्यामागच्या धडाच्या बाजूंवर येते, शेपटीच्या टोकाला नाही.

विलेपार्लेकर

दर्यावर्दी काका, ही माहिती आम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. मनापासून आभार.

याच ओघात पॅनेलच्या रेषांचा मुद्दा मांडतो. प्रत्येक रेषेत काळा वॉश, म्हणजे खाचेत उतरणारा अगदी पातळ रंग, भरण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि त्यामुळे विमान फरशा बसवल्यासारखे दिसते. १/७२ किटवरची रेषा ०.२ मिलिमीटर रुंद असेल, तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट होते. असे विमान कोणी उडवणार नाही. आपण प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खरे विमान साडेएकवीस मीटरवरून पाहिल्यासारखे. तेवढ्या अंतरावरून हलणारे भाग आणि वारंवार उघडली जाणारी झाकणे तेवढी दिसतात, बाकीच्या रेषा विरून जातात. म्हणून मी काळा वॉश फक्त हलणाऱ्या भागांच्या सांध्यांत भरतो आणि इतरत्र मूळ रंगापेक्षा किंचित गडद छटा वापरतो.

सागरीकरडा

या हिशेबाशी मी सहमत आहे. रंगालाही हाच न्याय लावावा. अंतर वाढले की रंग फिका दिसतो, म्हणून खऱ्या विमानाच्या छटेचा रंग जसाच्या तसा लावला तर लहान प्रतिकृती जड आणि काळवंडलेली दिसते. १/७२ साठी मी त्यात थोडा फिका करडा मिसळतो. शुद्ध पांढरा मिसळला तर गडद सागरी करड्यात खडूसारखी झाक येते.

नवशिका_डोंबिवली

मी अजून एकही किट केलेले नाही. पहिले किट कोणते घ्यावे? पावसाळ्यात सुरुवात केली तर चालेल का? परदेशातून मागवण्याचा खर्च किती येतो?

विलेपार्लेकर

१/७२ मधले स्पिटफायर घ्या. भाग थोडे, आकार सुटसुटीत, आणि मागे शेपटीचे चाक असल्याने प्रतिकृती मागे कलंडू नये म्हणून नाकात भरतात ते वजन भरावे लागत नाही. भारतीय हवाई दलाने ते वापरले असल्याने पुढे कधी भारतीय चिन्हांत दुसरे करावेसे वाटले तरी अनुभव वाया जात नाही. प्लास्टिक विरघळवून सांधणारे पातळ सिमेंट, धारदार पत्ती, ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर आणि चांगला चिमटा एवढे सुरुवातीला पुरे. बारीक कानशी, ड्रिल आणि पॉलिश पेपर नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. छंदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतात.

खर्चाचे म्हणाल, तर प्रमाणबद्ध प्रतिकृती सीमाशुल्कात खेळण्यांच्याच वर्गात मोडतात, आणि त्या वर्गाचे मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. किमती का चढल्या, ते यावरून कळेल. ज्वलनशील रंग आणि थिनर हवाई टपालाने येत नाहीत. ते इथेच घ्यावेत. पहिले किट भारतातल्या दुकानदाराकडूनच घ्या. एखादा भाग निघाला नाही, तर निदान कोणाशी बोलता येते.

गिरगावचाळ

पावसाळ्याबद्दल मी सांगते. जोडकाम, सांधे बुजवणे, घासणे ही कामे जून ते सप्टेंबर बिनधास्त करावीत. डिकल मात्र हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत, नाहीतर कागदावर बुरशी धरते आणि डिकलचे तुकडे पडतात. पिवळी पडलेली डिकल खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली, की पुष्कळदा पुन्हा पांढरी होतात. पण त्यासाठी ऑक्टोबरची वाट पाहावी लागते.

सागरीकरडा

एअरब्रश वापरणाऱ्यांसाठी पावसाळ्याची दोन संकटे आहेत. पहिले कंप्रेसरमधले. दाबलेल्या हवेतली वाफ नळीत पाणी होऊन साचते आणि ऐन वेळी रंगासोबत थेंब उडतो. हँडलच्या जवळ पाणी अडवणारी वाटी बसवावी आणि काम संपल्यावर टाकीतले पाणी रोज काढावे. दुसरे संकट लॅकर वॉर्निशचे. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ ओल्या थरावर धरते आणि गडद रंगावर दुधट पांढुरका पडदा येतो. असे झाले तर घासत बसू नये. हवा कोरडी असेल अशा वेळी हळू उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा मारला, की थर पुन्हा मऊ होऊन पडदा बहुधा निघून जातो. त्याआधी खोलीतला एसी तासभर ड्राय मोडवर चालवला, तर ही वेळ सहसा येत नाही. मात्र फवारताना खिडकी उघडी हवी आणि सेंद्रिय वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क तोंडावर हवा. कापडी मास्क त्या वाफांना अडवत नाही.

नवशिका_डोंबिवली

सर्वांचे आभार. स्पिटफायर मागवले आहे. नाकात वजन भरण्याचा उल्लेख वर आला. पुढे सी हॉक करायचे ठरवले, तर ते किती भरावे, हे कसे कळते?

सागरीकरडा

सूचनापत्रकात ग्रॅम दिलेले असतात, पण रेझिनचे कॉकपिट किंवा वाढवलेले पाते बसवले, की तो आकडा बदलतो. धडाचे दोन्ही अर्धे भाग, पंख आणि शेपूट मास्किंग टेपने तात्पुरते जोडावेत. मुख्य चाके जिथे येतात त्या रेषेखाली आडवी पेन्सिल धरावी आणि नाक खाली झुकेपर्यंत कॉकपिटच्या पुढच्या भागावर वजन ठेवत जावे. त्यावर थोडे जास्तच घ्यावे, कारण पुट्टी, रंग आणि वॉर्निशचा भार मागच्या बाजूलाही येतो. वजनासाठी मासेमारीच्या गळाला बांधतात त्या शिशाच्या गोळ्या उत्तम. त्या ठोकून चपट्या केल्या, की सी हॉकच्या अरुंद नाकातही बसतात. शिसे हाताळल्यावर हात धुवावेत आणि गोळ्या इपॉक्सीने पक्क्या कराव्यात. एखादी गोळी आत सुटली, तर धड पुन्हा उघडल्याशिवाय ती काढता येत नाही.